मिस्त्रींची डावी कूस

तपासणारी बाई आधी गुणगुणत होती. आजोबांच्या उजव्या कुशीवर तिने ते थंडगार, चिकट यंत्र फिरवलं तेव्हाही गुणगुणत होती. डाव्या कुशीवर आली आणि गप्प झाली. थोडं वर, थोडं खाली, परत वर. "जरा एका अंगावर व्हा आजोबा," म्हणाली. आजोबा वळले. हरवलेली किल्ली शोधताना माणूस पिशवीत हात घालून ढवळतो तसं तिने पुन्हा शोधलं, पडद्याला नाक लागेल इतकी पुढे वाकली, आणि डॉक्टरांना बोलवायला निघून गेली.

कोपऱ्यातल्या स्टुलावर नात बसली होती. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कामाला होती आणि अर्धी रजा टाकून आजोबांना घेऊन आली होती. कारण काय, तर पाय सुजत होते. चपलेत पाऊल मावेना. "वयाचं आहे ते," असं घरात सगळे म्हणत होते. तिलाही तसंच वाटत होतं, पण एकदा दाखवून घेतलेलं बरं.

डॉक्टर आले. त्यांनी यंत्र हातात घेतलं, स्वतः फिरवून पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, तुमचं ऑपरेशन कधी झालं होतं?"

"माझं? छे, नाही बुवा."

"डावी किडनी काढलेली आहे तुमची."

आजोबा छताकडे बघत राहिले. जणू त्या खोलीत तिसराच कुणी पेशंट होता.

"काढलेली म्हणजे?" नात उठून उभी राहिली. "खराब झालीये का?"

"खराब नाही. तिथे नाहीच आहे."

"असं कसं नसेल?"

"काही माणसं एकाच किडनीनिशी जन्माला येतात. पण ही खूण जन्माची नाही." डॉक्टरांनी बोट ठेवलं. शेवटच्या बरगडीखालून निघून पोटाकडे वळलेला, फिकट, लांबलचक व्रण.

तो व्रण घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. नातीने तर लहानपणी त्याच्यावरून बोटांची गाडी चालवली होती. "हे काय झालं?" असं विचारलं की आजोबा कधी वाघाने ओरबाडलं म्हणत, कधी तुझ्या आजीने. खरं कारण सगळ्यांना पाठ होतं: दूरच्या गावी भट्टी बांधताना अंगावर विटांचा ढीग कोसळला होता.

"विटा पडल्या होत्या," नात म्हणाली.

"विटांनी इतकी सरळ जखम होत नाही. आणि हे ठिपके बघा, दोन्ही बाजूंनी. टाके आहेत हे."

नातीने वाकून पाहिलं. ती दिवसभर टाकेच घालत असे. आजोबांच्या या पाठीला तिने कितीदा तेल चोळलं होतं, आणि समान अंतरावर बसलेले ते ठिपके तिच्या डोळ्यांना कधी दिसले नव्हते. पहिला विचार आला तो चोरीचा. परगावी कामाला गेलेला अडाणी मजूर, कुणीतरी गोड बोलून दवाखान्यात नेलेला, गुंगीचं औषध, आणि शुद्धीवर आल्यावर सांगितलेलं की विटा पडल्या. असल्या गोष्टी तिने ऐकल्या होत्या. आपल्या घरात, रोज संध्याकाळी ओट्यावर बसून नखं कापणाऱ्या आपल्या आजोबांच्या बाबतीत असं झालं असेल हे तिच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

"कुणी केलं हे? आजोबा, कुठलं गाव होतं ते? मी पोलिसांत जाते. आत्ताच्या आत्ता जाते!" तिचा आवाज इतका चढला की बाहेर बाकावर बसलेली माणसं दारातून डोकावू लागली.

आजोबा उठून बसले. पोटावरचा चिकटा कागदाने पुसत म्हणाले, "ओरडू नकोस पोरी. चोरी नाही झाली. दिली मी."

आजोबांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांच्या बायकोसकट. भट्ट्या बांधणं हा त्यांचा धंदा. पाव भाजायच्या, काच वितळवायच्या, लोखंड तापवायच्या. जिथे आग कोंडून ठेवायची असेल तिथे मिस्त्रींना बोलावणं यायचं. पण त्याआधीची वर्षं फार वाईट गेली होती. आई-बाप एकाच तापाच्या साथीत गेले, तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं आणि धाकट्या भावाला स्वतःचा शेंबूड पुसता येत नव्हता. एका बेकरीवाल्याने दोघांना भट्टीमागच्या कोळशाच्या खोलीत झोपायला जागा दिली. त्या बदल्यात मोठ्याने पहाटेपासून राख उपसायची. धाकटा रडायला लागला की त्याला पाठीशी बांधून उपसायची. दोघं इतके काळे व्हायचे की बेकरीवाला म्हणायचा, डोळे मिटू नका रे, मला सापडणार नाही तुम्ही. पोरांना जेवायला मिळे तो करपलेला पाव. वरचा कोळसा मोठा खाई, आतला मऊ भाग धाकट्याच्या तोंडात जाई. धाकटा शाळेत गेला, चांगला शिकला. मोठ्याने अक्षर गिरवलं नाही, पण विटेवर वीट कशी बसते ते बघून बघून शिकून घेतलं.

पुढे दोघांनी मिळून कारखाना काढला. खाली काम, वर घर. मोठा बांधायचा, धाकटा गिऱ्हाइकं आणि कागदपत्रं बघायचा. दोघांची लग्नं झाली, आणि काही वर्षं बरी गेली. मग एकदा मिस्त्री परगावचं काम संपवून परत आले, तर त्यांची बायको रस्त्यावर उभी. शेजारी ट्रंक, अंथरुणाची वळकटी, स्टोव्ह, आणि काखेत तान्हं मूल. ते मूल म्हणजे नातीचे वडील. दाराला नवं कुलूप होतं. धाकटा वरच्या खिडकीतून म्हणाला, "दादा, आता तुझं तू बघ." सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर कधी आणि कसं झालं, हे मिस्त्रींनी विचारलंसुद्धा नाही. ट्रंक डोक्यावर घेतली आणि चालू लागले.

आजी मात्र जागची हलली नव्हती. भर रस्त्यात तिने शपथ घेतली की या घरातलं पाणी पिणार नाही, आणि नवऱ्याला बजावलं, "या उंबऱ्यावर पाय ठेवलात तर माझं तोंड बघायचं नाही." तेव्हापासून रोज सकाळी स्टोव्ह पेटवताना तिच्या तोंडून एक वाक्य ठरलेलं: "त्याच्या पोटात आग पडो." घरातली पोरं हे ऐकतच मोठी झाली. नातीला तर कितीतरी दिवस वाटायचं की हे म्हटल्याशिवाय स्टोव्ह पेटतच नाही.

एका खोलीत नव्याने संसार मांडला. घरात चणचण पाचवीला पुजलेली, आणि मिस्त्रींचा हात मात्र सैल. नव्या बाळंतिणीला जमिनीवर झोपवत नाहीत म्हणून शेजाऱ्यांना घरातली एकुलती एक खाट देऊन आले. थंडीत कामावर गेले ते चपला घालून, परत आले अनवाणी. "घरातली वस्तू जागेवर दिसली नाही की समजायचं," आजी म्हणायची, "मिस्त्रींनी वाटली. एक दिवस मलाही कुणाला तरी देऊन टाकतील, आणि वर म्हणतील, जपून वापरा, जरा कडक आहे." सगळे हसायचे. नातही हसायची. आपले आजोबा म्हणजे जरा भोळसट, कुणीही टोपी घालावी असे, असंच तिचं मत होतं.

आणि आता दवाखान्याच्या फाटकापाशी, चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर, ती त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होती.

"कुणाला दिली?"

आजोबा चहा फुंकत होते. "धाकट्याला."

"कुठल्या धाकट्याला?"

"मला किती धाकटे आहेत?"

तिने चहाचा पेला खाली ठेवला.

"एका बेकरीत काम चालू होतं," आजोबा सांगू लागले. "भट्टीच्या घुमटाला आतून तडा गेलेला. मी तोंडातून आत सरपटत गेलो होतो, पाय तेवढे बाहेर. कुणीतरी बाई आली आणि माझ्या पायांशी बोलायला लागली. आवाजावरून ओळखलं, धाकट्याची बायको. म्हणाली, भाऊजी, ते चालले. दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टर म्हणतात, सख्ख्या भावाची जुळली तर वाचतील. बस, एवढंच बोलली. रडली-बिडली नाही. रडून संपलं असेल."

"मग?"

"मग काय, माल कालवलेला होता, वाळून गेला असता. तेवढ्या विटा बसवून घेतल्या आणि बाहेर आलो."

"आणि?"

"विचारलं, कुठे यायचं?"

नातीला बाकावर हात आपटावासा वाटला. "आजोबा, त्यांनी तुम्हाला रस्त्यावर काढलं होतं!"

"हो की."

"बाबा तान्हे होते!"

"होते ना. फार रडका होता तुझा बाप."

"मग का दिलीत?"

आजोबांनी जरा विचार केला. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता, त्यांनी स्वतःलाही नाही. "पाठचा भाऊ ना गं," ते म्हणाले. "पाठीतलंच मागत होता." आणि आपल्याच विनोदावर ते असे हसले की ठसका लागला. टपरीवाल्याने पाणी आणून दिलं. नातीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

त्यांनी दोन अटी घातल्या होत्या. धाकट्याला कळता कामा नये. "कळलं असतं तर नको म्हणाला असता. मरेन पण घेणार नाही, असलं काहीतरी. अभिमानी होता लेकाचा." तो तेव्हा धड शुद्धीत नव्हता. बायकोने त्याला सांगितलं, माझ्या माहेरच्या लांबच्या नातलगाने दिली. डॉक्टरांनीही तोंड मिटून ठेवलं. दुसरी अट, आजीला कळता कामा नये. तिला सांगितलं, लांब एका गावी मोठी भट्टी बांधायची आहे, महिना-दोन महिने लागतील. परत आले ते गालफडं बसलेले आणि कुशीला पट्टी. विटांचा ढीग पडला म्हणाले. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती. पण विटा न उचलणाऱ्या मिस्त्रीला काम कोण देणार? थोड्या दिवसांनी उचलायला लागले. दुखायचं. भट्टीत सरपटताना तर डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आत अंधार असायचा, कुणी बघायला नसायचं, ते बरं होतं.

"आणि ते बरे झाल्यावर? भेटले कधी?"

"एकदा बाजारात दिसला. मला बघितलं आणि तोंड फिरवून गेला."

"तोंड फिरवलं?" नात उसळली. "आणि तुम्हाला काय वाटलं?"

"बरं वाटलं."

"बरं?"

"रंग चांगला आला होता गं चेहऱ्यावर. आधी पार मातीसारखा झाला होता."

आजोबांनी तिचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "आजीला सांगायचं नाही. शपथ घे." तिने घेतली.

आजोबांना घरी सोडून ती कारखान्यात जाते म्हणून निघाली, पण पाय कारखान्याकडे वळेनात. ज्या घराचं नावही त्यांच्या घरात घेतलं जात नसे, त्या घरासमोर ती जाऊन उभी राहिली. खालच्या कारखान्याच्या जागी आता टायरचं दुकान होतं. वर धाकट्याची बायको, धाकटी आजी, एकटी राहत होती. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, मुलं लांब कुठेतरी. दार उघडलं, तेव्हा तिच्या हातात अर्धं विणलेलं काहीतरी होतं.

"मिस्त्रींची नात ना तू?" धाकटी आजी म्हणाली. "नाकावरून ओळखलं. तुमच्याकडे सगळ्यांना तेच नाक."

नातीने पाणी नको म्हटलं, बसायला नको म्हटलं. वाटेत ठरवून ठेवलेली सगळी वाक्यं तिने उभ्या उभ्या, एका दमात बोलून टाकली. की आज कळलं. की आजोबांचे पाय सुजलेत, उरलेली एकच किडनी तीही थकलीये. की ज्याने जीव वाचवला त्याला बाजारात बघून तोंड फिरवणारा माणूस कसा असेल. "निदान मरताना तरी सांगायचं होतंत तुम्ही त्यांना! त्यांना कळायला नको होतं, कुणाच्या जिवावर जगलात ते?"

धाकट्या आजीने विणकाम खाली ठेवलं.

"कळलं होतं त्यांना," ती म्हणाली.

"काय?"

"दुसऱ्याच वर्षी. तपासायला गेले होते, तिथली एक नर्स बोलून गेली, तुमचे थोरले भाऊ बरे आहेत ना आता? घरी आले ते असे आले, की मला वाटलं परत दुखणं उलटलं. दोन दिवस घास घेतला नाही. मला म्हणाले, दादाला कळू देऊ नकोस मला कळलंय ते."

"का?"

"कुठल्या तोंडाने जाऊ, म्हणायचे. सकाळी कपडे करून निघायचे, तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि माघारी यायचे. एकदा नाही, कितीदा. मी म्हणायची, मी येते बरोबर. तर म्हणायचे, मी त्याला खिडकीतून काय बोललो ते तुला माहीत आहे ना. ज्या दिवशी बाजारात दिसले भाऊजी, त्या दिवशी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. तोंड फिरवलं ते रागाने नाही गं. बघवलं नाही त्यांना."

नात खाली बसली. मघापासून नको म्हटलेल्या खुर्चीत. जो राग घेऊन ती जिना चढून आली होती, तो ठेवायला आता जागाच उरली नव्हती. माणूस नीच असता तर सोपं होतं. खाली दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं, आणि तेवढाच आवाज त्या खोलीत येत होता.

"आणि तुम्ही?" तिने शेवटी विचारलं. "तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मी दोघांनाही शब्द दिला होता," धाकटी आजी म्हणाली. "थोरल्याला वेगळा, धाकट्याला वेगळा. मधल्यामध्ये मी बसले गप्प."

नात घरी परतली तेव्हा दारातूनच तिला कळलं की काहीतरी बिनसलंय. आजी घरात असताना घर इतकं शांत कधी नसे. आजोबा खुर्चीत मान खाली घालून, आणि समोर जमिनीवर आजी.

झालं होतं ते साधंच. दवाखान्यातून फोन आला होता आणि तो नेमका आजीने उचलला. पलीकडच्या मुलीने सरळ सांगितलं, आजोबांना एकच किडनी आहे, त्यामुळे अंगदुखीची ती नेहमीची गोळी आजपासून बंद. आजीने विचारलं, कुणाच्या आजोबांना? त्या मुलीने मिस्त्रींचं नाव दोनदा वाचून दाखवलं. मग आजीने फोन ठेवला आणि मिस्त्रींच्या समोर येऊन बसली. मिस्त्रींना आयुष्यात एकच मोठं खोटं साधलं होतं. दुसरं जमलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

नातीला वाटलं, आता भांडी फुटणार. आजी ओरडेल, रडेल, निघून जाईल. आजी यातलं काहीच करत नव्हती. ती नवऱ्याकडे नुसती बघत होती, आणि तिचे ओठ आपोआप हलत होते.

"अहो," ती अखेर म्हणाली, "म्हणजे मी रोज सकाळी कुणाच्या पोटात आग घालत होते?"

आजोबांनी मान आणखी खाली घातली.

"त्याच्या पोटात तुम्ही होतात. आणि मी रोज, अगदी रोज... आजारी असले तरी चुकवलं नाही हो मी." तिने तोंडावर हात ठेवला. "आणि त्या वर्षी मी तुम्हाला कामचुकार म्हणाले. वाकायला नको म्हणून ढोंग करता म्हणाले. शेजारणींसमोर."

"तू बरंच काय काय म्हणतेस," आजोबा हळूच म्हणाले. "मी कुठे लक्षात ठेवतो."

"मी बायको आहे ना तुमची? मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तू जाऊ दिलं नसतंस."

आजीलाही ते ठाऊक होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. ती उठली, मिस्त्रींच्या मागे गेली आणि त्यांचा सदरा वर केला. त्या व्रणाकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तळवा त्याच्यावर ठेवला, स्टोव्ह विझलाय की नाही ते बघायला वरून हात ठेवतात तसा, अलगद.

त्याच क्षणी नातीला राहवलं नाही. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, असं तिला वाटलं. "आजोबा," ती म्हणाली, "मी त्या घरी जाऊन आले. धाकट्या आजोबांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही दिलीत ते. दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. आपल्या गल्लीपर्यंत यायचे ते. कितीदा तरी. लाज वाटायची म्हणून परत जायचे."

दिवसभरात आजोबा हसले होते, ठसकले होते, ओशाळले होते. आता पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पार उतरला. ते नातीकडे बघत राहिले, आ वासून, लहान मुलासारखे.

"गल्लीपर्यंत?"

"हो."

"कुठल्या बाजूने?"

हे तिला कसं माहीत असणार? आजोबा उठले. खुंटीवरचा बाहेर जायचा शर्ट काढला, सदऱ्यावरच घातला आणि बटणं लावू लागले. "गाढव," ते पुटपुटत होते. "गाढव नुसता. हाक मारायची होती. नुसती हाक मारायची होती, दादा म्हणून. मी काय खाणार होतो त्याला?" शर्ट घालून झाला. चपला पुढे ओढल्या. सुजलेलं पाऊल आत शिरेना म्हणून जोर करू लागले.

"अहो, निघालात कुठे?" आजीने विचारलं.

आजोबा थांबले. धाकट्याला शेवटचं नेलं त्या दिवशी ते स्वतःच तर रस्त्याच्या पलीकडे उभे होते, गर्दीत, शेवटचा माणूस पांगेपर्यंत. अर्धवट चपलेत पाय तसाच ठेवून ते खाली बसले आणि मोठ्याने रडायला लागले. नातीने आपल्या आजोबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आजीनेही नाही. जवळ जावं, एवढंही काही वेळ कुणाला सुचलं नाही.

चार दिवस आजी कुणाशी धड बोलली नाही. आपल्या मनाशीच तिचं काय चाललं होतं कुणास ठाऊक. स्टोव्ह मुकाट्याने पेटायचा आणि ती शांतता सगळ्यांना खायला उठायची. नातीने आपल्या वडिलांना सगळं सांगितलं, तर ते जेवता जेवता उठले आणि हात न धुताच आजोबांपाशी जाऊन बसले. त्यांचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन दाबत राहिले.

पाचव्या दिवशी आजी नातीला म्हणाली, "जा, तिला घेऊन ये. म्हणावं, मी बोलावलंय असं समजायचं नाही. मिस्त्रींना बरं नाही, म्हणून."

धाकटी आजी आली. उंबऱ्यातच घुटमळली. "येऊ का जाऊबाई?" आजीने बोट दाखवलं, खाटेजवळच्या पाटाकडे. आजोबांनी तिला बसायलाही वेळ दिला नाही. म्हणाले, "सांग."

"काय सांगू भाऊजी?"

"तो कसा होता ते. बरा झाल्यापासून. काय खायचा, कुणाशी बोलायचा, रागवायचा का. मला काहीच माहीत नाही गं. सगळं सांग."

मग ती दर आठवड्याला येऊ लागली. धाकट्याची एकेक गोष्ट सांगायची. त्याने गच्चीवर कबुतरं पाळली होती आणि ती सगळी शेजाऱ्याकडे पळून गेली. धाकटी मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हा तो स्वतःच पायरीवरून पडला. पाव आणला की करपलेला आणायचा आणि वरचं करपट सालपट आधी स्वतः खायचा. दुकानदाराला वाटायचं, डोक्यावर परिणाम झालाय. हे ऐकून आजोबा भिंतीकडे बघत बसले आणि त्या दिवशी आणखी काही सांगू दिलं नाही. पण बाकीच्या वेळी पोट धरून हसायचे. त्यांना कळलेला भाऊ खिडकीत संपला होता. आता तो पुन्हा आठवड्या-आठवड्याने मोठा होत होता, आणि आजोबा मात्र खंगत चालले होते. आजी या बैठकीत कधीच बसली नाही. तिकडे पाठ करून शेंगा सोलत असायची. फक्त मधूनच विचारायची, "मग कबुतरं परत आली की नाही?" आणि विचारल्याबद्दल स्वतःवरच चिडायची.

उरलेल्या किडनीने जितकी साथ द्यायची तितकी दिली. थंडी सरता सरता आजोबा गेले. भट्ट्या पेटवणाऱ्या माणसांची ही गर्दी झाली. कुणाच्या पायात मिस्त्रींच्या चपला होत्या, कुणी तान्हं असताना त्यांच्याच खाटेवर झोपलेलं होतं. नात दारात उभी राहून ऐकत होती, आणि प्रत्येक माणूस नवंच काहीतरी सांगत होता. आपण या माणसाला भोळसट म्हणत होतो, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. तो धक्का काही ओसरत नव्हता. अजूनही ओसरलेला नाही.

पुढच्या आठवड्यात, नेहमीच्या वारी, दुपारी धाकटी आजी दारात उभी. पायांनी आपोआप वाट धरली असावी. रिकामी खाट दिसली आणि ती तिथेच थबकली. "मी... सवयीने आले बघा," म्हणाली आणि वळायला लागली.

आजीने मांडीवरची शेंगांची परडी बाजूला सारली.

"थांब," ती म्हणाली. "तो नवं घड्याळ घेऊन आला होता आणि ते उलटं चालत होतं, इथवर गोष्ट आली होती. पुढे काय झालं?"

धाकटी आजी आत आली. पाट रिकामा होता, पण ती आजीच्या शेजारी जमिनीवर बसली, तिने मूठभर शेंगा उचलल्या आणि सोलता सोलता घड्याळाची गोष्ट सांगायला लागली.